फ्रान्समधल्या वाइनच्या गावात वर्षभर रोजचं जगणं कसं असतं? सिनेमात दिसतं तितकं निवांत असतं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की घरून काम करायची मुभा आहे, दोन महिने अशा एखाद्या गावात राहायचा विचार आहे, आणि कोणते महिने निवडावेत हे कळत नाही. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी 'निवांत'बद्दल.

मी २०१५पासून बर्गंडीतल्या साविन्यी-ले-बोन या गावात राहते. बोन शहरापासून पाच-सहा किलोमीटर, वस्ती तेराशेच्या आसपास. मधून र्‍वँ नावाचा ओढ्याएवढा झरा वाहतो. गावात एक जुना किल्लेवजा वाडा आहे आणि त्याच्या बागेत ऐंशीच्या आसपास जुनी लढाऊ विमानं ओळीने उभी आहेत. हे खोटं वाटेल, पण खरं आहे, मालकाचा छंद. गावाच्या वाइनबद्दल एक जुनं वचन इथे सगळ्यांना पाठ असतं, की ती 'पोषक, धर्मशास्त्रीय आणि रोग पळवणारी' आहे. यातल्या मधल्या शब्दाचा अर्थ मला आजवर कोणी नीट सांगू शकलेलं नाही.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. वडिलांची पाच एकर थॉमसन द्राक्षांची बाग. मी शिकायला दिजाँला आले आणि पुढे इथल्या एका छोट्या दोमेनच्या कचेरीत लागले. दोमेन म्हणजे स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची स्वतः वाइन करणारं घर. ऑर्डरी, पावत्या, मजुरांची हजेरी हे माझं काम, पण माणसं कमी पडली की कचेरीवालीलाही बागेत जावं लागतं. तेव्हा जे लिहितेय ते पर्यटकाच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आणि इथे जन्मलेल्यांच्याही नाही. द्राक्षवाल्याच्या पोरीच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हे शेतकऱ्यांचं गाव आहे. दगडी घरं, निळ्या खिडक्या, कुंड्यांतली जिरेनियमं सगळं आहे, पण त्या खिडकीतला माणूस सकाळी उठून आधी आभाळाकडे बघतो. मग मोबाइलवर हवामान. मग परत आभाळाकडे. माझे वडील ओट्यावर उभे राहून हेच करतात.

इथलं वर्ष हिवाळ्यात सुरू होतं, छाटणीपासून. आपल्याकडे वेलीला वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, कारण आपल्या हवेत वेल झोपतच नाही. इथे ती खरंच झोपते. पानं गळून जातात, टेकडीवर काळे खुंट तेवढे उरतात आणि डिसेंबर ते मार्च एकच छाटणी चालते. एका वेलीवर साधारण आठ डोळ्यांची (डोळा म्हणजे जिथून कोंब फुटतो ती गाठ) एक लांब काडी आणि पुढच्या वर्षासाठी दोन डोळ्यांचा एक आखूड खुंट ठेवायचा. बाकी सगळं जातं. सांगायला सोपं, पण हेक्टरी दहा हजार वेली असतात, ओळीत मीटरभर, ओळींमध्येही मीटरभर. एका मजुराकडे तीन हेक्टर दिले तर त्याने हिवाळ्याभरात तीस हजार वेलींपुढे वाकायचं. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर वेल. वडिलांना इथल्या ओळींचा फोटो पाठवला तर म्हणाले, "ही रोपवाटिका आहे का गं?"

हवा तशी की सपाटीवर धुकं दिवसचे दिवस उठत नाही. नऊला उजाडल्यासारखं होतं आणि पाचला अंधार. अशा धुक्यात टेकडीवर ठिकठिकाणी धुराच्या रेघा दिसतात. लोखंडी पिंप उभं अर्धं कापायचं, त्याला चाक आणि दांडे लावायचे, की झाली जळती हातगाडी. छाटलेल्या काड्या तिच्यात टाकत, तिला पुढे ढकलत माणूस ओळीने जातो. काड्याही निकालात निघतात आणि हातही शेकतात. दुपारी निखाऱ्यांवर कोणी सॉसेज भाजतं. मी पहिल्या हिवाळ्यात तिच्यावर भाकरी भाजून पाहिली. ज्वारीचं पीठ पॅरिसहून मागवलेलं, बाजूचे दोघं काम सोडून बघत उभे. भाकरी एका बाजूने कोळसा झाली. तरी दोघांनी मागून घेतली, खाल्ली, आणि एकाने विचारलं, "याच्याबरोबर चीज कुठलं?"

२२ जानेवारीला संत व्हँसाँचा सण, द्राक्षवाल्यांचा राखणदार. गावोगावी त्याच्या नावाची एक मदत मंडळी असते. कोणी आजारी पडलं, पाय मोडला, की बाकीचे त्याची छाटणी वाटून घेतात. मला हे कागदावरचं वाटलं होतं, पण आमच्या गल्लीतला एक जण छतावरून पडला तेव्हा पुढच्याच शनिवारी त्याच्या बागेत बारा जण कात्र्या घेऊन हजर होते. संताची लाकडी मूर्ती दर वर्षी एका सभासदाच्या घरी मुक्कामाला असते आणि सणाच्या दिवशी मिरवणुकीने पुढच्या घरी जाते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात याचीच मोठी जत्रा भरते, दर वर्षी वेगळ्या गावात, १९३८पासून. थंडीत हजारो लोक गळ्यात ग्लास अडकवून फिरतात. गर्दी नको असेल तर तिथे फिरकू नका. गावातला छोटा सण मला जास्त आवडतो.

मार्चमध्ये वेली रडतात, म्हणजे छाटल्या जागेतून पाणी टपकायला लागतं. इथेही त्याला रडणंच म्हणतात. इथली एक म्हण आहे: लवकर छाटा, उशिरा छाटा, मार्चच्या छाटणीला तोड नाही. यामागे अनुभव आहे. जितकी उशिरा छाटणी, तितके डोळे उशिरा फुटतात, आणि एप्रिलमध्ये उशिरा फुटलेला डोळाच वाचतो.

कारण एप्रिल. पाहुण्यांना एप्रिल सुंदर वाटतो, चेरी फुललेली असते, उन्हाची कॉफी घराबाहेर पिता येते. गावात मात्र या महिन्यात कोणी नीट झोपत नाही. डोळे फुटून पोपटी कोंब आलेले असतात आणि एक रात्र उणे चार-पाचाला गेली की वर्षाचं पीक गेलं.

२०२१चं सांगते. मार्चच्या शेवटी अचानक मे महिन्यासारखी गरमी आली आणि कोंब भराभर सुटले. त्यानंतर ईस्टरच्या आठवड्यात थंडी आली. तेव्हा करोनाची संचारबंदी होती, सातनंतर बाहेर पडायचं नाही. आमच्या दोमेनच्या मालकाने बाहेर पडायच्या परवानगीचे सहीचे कागद वाटले आणि म्हणाला, खिशात ठेवा. रात्री अडीचला फोन आला. ओळींमध्ये आधीच मेणाचे डबे मांडून ठेवले होते. रंगाच्या डब्याएवढा पत्र्याचा डबा, आत पॅराफिन आणि वात. हेक्टरला तीन-चारशे लागतात. गॅसच्या पेटवणीने एकेक पेटवत जायचं, झाकण अर्धं सरकवून ठेवायचं, पुढे जायचं. हातमोज्यांत बोटं कळत नव्हती. तासाभराने मागे वळून पाहिलं तर सगळा उतार ठिपक्या-ठिपक्यांनी पिवळा, आणि वर चांदण्या इतक्या स्वच्छ की राग यावा. ढग असते तर थंडी इतकी उतरली नसती.

मी व्हिडिओ करून वडिलांना पाठवला. तिकडे साडेसात वाजले होते, लगेच फोन आला. मला वाटलं, किती छान दिसतंय वगैरे म्हणतील. त्यांनी विचारलं, "डबा केवढ्याला?" म्हटलं, आठ-दहा युरोला. मिनिटभर गप्प. मग, "म्हणजे एकरी दीडशे डबे... एका रात्रीचे? आणि उद्या परत?" हो, उद्या परत. डबा आठ-दहा तास जळतो, थंडी तीन रात्री राहिली. निफाडला जानेवारीत पारा चार-पाचावर येतो तेव्हा आम्हीही मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतो, पण त्या पाचटाच्या, भुशाच्या, जुन्या टायरच्या. विकतच्या मेणाची शेकोटी त्यांच्या हिशेबात बसेना.

उजाडल्यावर सगळे नाकात काजळी घेऊन ओळीत बसले. नखाने डोळा चिरून बघायचा. आत हिरवं असेल तर जिवंत, काळपट असेल तर गेला. कोणी बोलत नव्हतं, नुसता टक टक आवाज. मालकाची आई, वय ऐंशीच्या पुढे, गाऊनवर कोट चढवून थर्मास घेऊन आली आणि तिनेही एक डोळा चिरला, बघितला, कोंब कोटाच्या खिशात टाकला. शार्दोने ही पांढऱ्या वाइनची जात लवकर फुटते म्हणून तिचं जास्त गेलं, लाल वाइनची पिनो न्वार थोडी वाचली. त्या वर्षी आमच्या तळघरात बॅरलांच्या दोन रांगा रिकाम्या राहिल्या.

त्याआधी २०१६च्या एप्रिलच्या शेवटीही असंच झालं होतं. तेव्हा थंडीपेक्षा सकाळच्या लख्ख उन्हाने घात केला, गोठलेल्या ओल्या कोंबांवर ऊन पडलं आणि ते करपले. म्हणून २०१७ला तशीच रात्र आली तेव्हा गावंच्या गावं पहाटे ओल्या पेंढ्याचे गठ्ठे जाळायला उतरली, ऊन अडेल इतका धूर करायला. ज्याच्या बागेला धोका नव्हता तोही आला, कारण धूर बांध बघत नाही. मेच्या ११, १२, १३ तारखांना तीन 'बर्फाळ संतां'चे दिवस असतात. ते पार पडल्याशिवाय इथे कोणी टोमॅटोची रोपं लावत नाही.

मे-जून म्हणजे धावपळ. फेलफुटी, म्हणजे नको असलेले कोंब, काढा, बाकीचे तारांत बांधा, शेंडे मारा. आणि फवारण्या. पहाटे पाचला घरासमोरून तो उंच, ओळीवर पाय फाकवून चालणारा ट्रॅक्टर जातो तेव्हा खिडक्या थरथरतात, रविवार असो की सणवार. नव्याने राहायला आलेल्या शहरी लोकांची आणि बागवाल्यांची भांडणं याच महिन्यांतली. त्यांची भीती मला समजते, शाळेच्या कुंपणालगत बागा आहेत. पण डावणी, म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग, थांबत नाही हेही मला समजतं. सेंद्रियवाल्यांनाही तांबं आणि गंधक मारावंच लागतं, फक्त युरोपच्या नियमाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलोच्या वर तांबं चालत नाही. पाऊस जास्त झाला की तो हिशेब जुळवताना नाकी नऊ येतात. २०२४ला पाऊस थांबलाच नाही आणि डावणीने घडच्या घड वाळले.

एक गंमत सांगते. माझ्या माहेरच्या गावात 'बोर्डो' हे औषधाचं नाव आहे. "आज बोर्डो मारलं", "बोर्डो कालवलंय". मोरचूद आणि चुना. फ्रान्सला येईपर्यंत ते एका शहराचं नाव आहे हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिकडे रस्त्याकडेची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून शेतकरी त्यांच्यावर हे निळं पाणी शिंपडायचे. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींना डावणी नाही, आणि १८८५मध्ये त्याने ते औषध म्हणून मांडलं. म्हणजे ती डावणी अमेरिकेतून फ्रान्सला आली, तिचं औषध फ्रान्समधून निफाडला.

जून-जुलैत गारपीट. २०१२, १३, १४ अशी सलग तीन वर्षं बोनच्या आजूबाजूला झाली, मी यायच्या आधी. लोक अजून तिच्यावरून काळ मोजतात, 'गारांच्या आधी', 'गारांच्या नंतर'. बाकी उन्हाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १४ जुलैला चौकात नाच, मुलं झऱ्यात, आणि ऑगस्टचे पहिले पंधरा दिवस गाव बंद. पावावाला सुट्टीवर, डॉक्टर सुट्टीवर. शटर ओढून लोक आत बसतात आणि पारा अडतिसाच्या पुढे गेला की शेजारच्या मादाम खुर्ची आणि विणकाम घेऊन तळघरात उतरतात. तिथे बाराही महिने बारा-तेरा अंश. बागेत तेव्हा मण्यात पाणी उतरतं, हिरवे मणी एकेक करत जांभळे होतात.

या मादामना मी सहा वर्षं 'तुम्ही' म्हणत होते, आणि त्या मला. सातव्या वर्षी एका दुपारी त्यांनी स्वतःहून सांगितलं, "आता 'तू' म्हणायला हरकत नाही." मला मात्र अजून जमत नाही, चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला अरे-तुरे कसं करायचं? त्या सांगतात, त्यांच्या लहानपणी काढणी म्हणजे ऑक्टोबर, बोटं गारठायची. आता बऱ्याचदा सप्टेंबर उजाडायच्या आत कात्र्या बाहेर येतात. ही नुसती आठवण नाही. बोनमध्ये काढणी कधी सुरू झाली याच्या नोंदी १३५४पासून सापडतात. १९८७पर्यंत सरासरी तारीख २८ सप्टेंबर, आणि १९८८नंतर ती तेरा दिवसांनी अलीकडे आली आहे.

काढणी आठ-दहा दिवसांची. फुलोऱ्यापासून शंभर दिवस मोजायचे हा जुना ठोकताळा, पण शेवटी मालक ओळीत जाऊन मणी चावून बघतो, बी दाताखाली फोडतो आणि ठरवतो. मग तेराशेच्या गावात माणसंच माणसं. विद्यार्थी, निवृत्त लोक, पोलंड-रोमानियाहून आलेल्या टोळ्या, तंबू, व्हॅन. पहिल्या वर्षी मी हौसेने तोडायला गेले. द्राक्षवाल्याची मुलगी, मला काय शिकवणार! आमच्याकडे मंडप असतो, घड डोक्यावर लोंबतात, संध्याकाळी मान धरते. इथे घड गुडघ्याच्याही खाली. तिसऱ्या दिवशी मी ओळीतून गुडघ्यांवर रांगत पुढे सरकत होते आणि पासष्टीच्या एक बाई दोन ओळी पुढे गाणं म्हणत होत्या.

आणि ते घड! मुठीत मावतील एवढे, मणी वाटाण्याएवढे. आमच्याकडे अठरा मिलिमीटर भरला नाही तर एक्स्पोर्टवाला हात लावत नाही, त्यासाठी जीएचे, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाचे, डिप देतो, विरळणी करतो. इथे बारीक मणी हवा असतो, कारण रंग आणि चव सालीत, आणि बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त. हेक्टरी पाच-सहा टन निघाले की खूश. आमच्याकडे एकरी दहा टनांवर बोलतात.

सकाळी नऊला ओळीतच न्याहारी होते, पाव, पाटे (मांसाचा मऊ लगदा), चीज, आणि हो, वाइनही. मी डब्यात शेंगदाण्याची चटणी न्यायचे, दुसऱ्या वर्षापासून ती दोमेनच्या यादीत आली. शेवटच्या दिवशी ट्रॉलीला फांद्या-फुलं बांधून हॉर्न वाजवत गावात यायचं आणि मग पोले, म्हणजे काढणीची जेवणावळ. लांब टेबलं, वाइनमध्ये शिजवलेली अंडी, मटण, मधूनच सगळे उठून दोन्ही हात वर करून मनगटं फिरवत 'ला ला ला' म्हणतात. मालकाची आई त्या दिवशी सगळ्यांना स्वतः वाढते.

यानंतरचे तीन आठवडे गावाला वास असतो. आंबणाऱ्या रसाचा, गोडसर, किंचित ताकासारखा. प्रत्येक तळघराच्या झरोक्यातून येतो. छान वाटतो, पण त्या दिवसांत परक्या तळघरात एकटं उतरू नका. रस आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो तळाला साठतो आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही.

नोव्हेंबरमध्ये १ तारखेला थडग्यांवर शेवंती, ११ला पहिल्या महायुद्धाच्या स्मारकाजवळ सभा. सरपंच मेलेल्यांची नावं वाचतात, प्रत्येक नावापुढे मुलं म्हणतात, "फ्रान्ससाठी मेला." मी पहिल्यांदा गेले तेव्हा थांबून ती शिळा वाचत होते. आडनावं ओळखीची वाटली. मग लक्षात आलं की ही सगळी मी रोज बाटल्यांवर चिकटवलेली बघते. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी बोनच्या जुन्या धर्मादाय इस्पितळाच्या वाइनचा लिलाव होतो. इस्पितळ १४४३चं, लिलाव १८५९पासून. जगभरचे खरेदीदार येतात आणि त्या बोलीवरून सगळे आपापल्या भावाचा अंदाज बांधतात. गावात त्या दिवशी पार्किंग मिळत नाही एवढाच आमचा संबंध.

भावाचा विषय निघाला म्हणून सांगते. जमीन इतकी महाग झाली आहे की बाप गेल्यावर भावंडांना एकमेकांचे हिस्से विकत घेता येत नाहीत. वारसाकर भरायला बाग विकावी लागते आणि घेणारा बाहेरचा धनदांडगा असतो. चौकातली दोन घरं आता फक्त शनिवार-रविवारी उघडतात, शाळेतले वर्ग कमी होताहेत. कागदावर कोटींचा मालक असलेला माणूस पंधरा वर्षं जुन्या रेनोमधून फिरतो. हे चित्र तुम्हाला व्हिडिओत दिसणार नाही.

आता तुमचे दोन महिने. सप्टेंबर सगळे सुचवतील. तेव्हा राहायला जागा मिळत नाही, दर दुप्पट, आणि तुमच्याशी बोलायला कोणाला फुरसत नसते. एप्रिल-मेमध्ये लोक चिडचिडे, कारण वर सांगितलं. तुम्ही फेब्रुवारी-मार्चला या. थंडी आहे, पावसाळी बूट लागतील, रेस्तराँ निम्मी बंद, सोमवारी पावही मिळणार नाही. पण टेकडीवर चालत जा, धूर दिसेल तिकडे वळा आणि 'बाँझूर' म्हणून थांबा. छाटताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. आणि फ्रेंच येत नसेल तर काड्या उचलून गाडीत टाकायला लागा.